मार्फातली मातीची घरं : यादीत नाव आलं म्हणजे वाचली का?

रानवारा
गेल्या महिन्यात ऑस्टिनहून सातेक तास गाडी चालवत मार्फाला जाऊन आलो. टेक्सासच्या पार पश्चिम टोकाला प्रेसिडियो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), मार्फा तिथलंच गाव, खाली रिओ ग्रांडे नदी आणि पलीकडे मेक्सिको. पसारा जवळजवळ 10,000 चौरस किलोमीटर आणि माणसं जेमतेम 6,000. तेवढ्यात 1886 चं कोर्ट, शाफ्टरचं ओस पडलेलं चांदीच्या खाणीचं गाव, नदीकाठचा फोर्ट लीटन, सगळं राष्ट्रीय वारसा यादीत आहे. बघून बरं वाटलं, पण गावातली साधी अडोबीची घरं बघून पोटात कालवलं. अडोबी म्हणजे माती, वाळू, गवत कालवून उन्हात वाळवलेल्या विटा. मी बार्शीकडचा, माळवदाच्या घरात वाढलोय, त्यामुळे मला माहितीये की मातीची भिंत दरवर्षी हात मागते. हे हात मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचे होते आणि 2017 मध्ये काउंटीने अडोबीचा वेगळा वर्ग करून त्या घरांच्या किमती वाढवून धरल्या, मग टॅक्स वाढला. गरिबाचं बांधकाम एकाएकी श्रीमंतांची हौस ठरलं. माझं म्हणणं एवढंच, की वारसा जपायचा तर त्यात राहणारा माणूस आधी टिकवा.

ह्यूस्टनकर
दादा, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. राष्ट्रीय यादी 1966 च्या कायद्याने आली आणि त्या यादीने कोणाचा टॅक्स वाढत नाही, उलट मालक स्वतःच्या पैशाने घर पाडूसुद्धा शकतो, यादी त्याला अडवत नाही. भाव वाढले ते डोनाल्ड जड हा नामांकित कलाकार न्यूयॉर्कहून तिथे आला, जुन्या लष्करी छावणीच्या इमारती घेतल्या, 1986 ला तिथे त्याचं कलासंग्रहालय, चिनाटी फाउंडेशन, सुरू झालं आणि मागोमाग पैसेवाले आले म्हणून. पण तो आला नसता तर त्या छावणीचं काय झालं असतं? गुरांचं गाव होतं, लोक सोडून चालले होते.

रानवारा
यादी अडवत नाही हे बरोबर, पण यादीचा फायदा कुणाला होतो ते बघा ना. दुरुस्तीच्या खर्चावर 20 टक्के केंद्रीय करसवलत मिळते ती फक्त कमाईच्या इमारतीला. हॉटेलवाल्याला मिळते. स्वतःच्या घराची भिंत लिंपणाऱ्या म्हातारीला एक पैसा नाही.

जुनावाडा
मला तर वेगळाच प्रश्न पडतो. तिथली ब्लॅकवेल शाळा, 1965 पर्यंत मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळं बसवायची, स्पॅनिश बोललं की फळीचा मार. असली वास्तू सरकारी पैशाने कशाला जपायची? पाडून तिथे दवाखाना काढला असता तर त्याच लोकांना उपयोग झाला असता. एवढ्याशा काउंटीत गरज कशाची आहे ते आधी बघा.

तायडी
जुनावाडा, ती शाळा सरकारच्या मनात आलं म्हणून नाही वाचली हो, तिथे मार खाल्लेली मुलंच म्हातारपणी एकत्र आली म्हणून वाचली. 1954 मध्ये त्या शाळेत मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा करून स्पॅनिश भाषेचं 'दफन' केलं. पोरांच्या हातानं त्यांचीच मायबोली पुरली! मी हे वाचलं तेव्हा माझ्या आजीची आठवण आली, ती घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलायची, तिला कुणी असं करायला लावलं असतं तर? 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि 2024 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. भिंती असल्याशिवाय नातवंडांना हे दाखवणार कुठे? दवाखाना हवाच, पण त्यासाठी हीच जागा कशाला?

जुनावाडा
ताई, चिठ्ठ्यांचं माहीत नव्हतं. शाळेबाबत माझं म्हणणं मागे घेतो. पण प्रत्येक पडक्या घराला हा न्याय लावू नका, पैसा मोजका आहे.

गवंडीपोर
एक कामाचं सांगतो, दगडमातीच्या कामातच आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते, वरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून पायथा भुसभुशीत होतो, आपल्याकडेही जुन्या घरांचं हेच केलंय लोकांनी. याच काउंटीतल्या रुइडोसा गावच्या अडोबीच्या चर्चला केवढ्या मोठ्या कमानी आहेत, तसलं काम वाचवायचं तर मातीचाच गिलावा पाहिजे आणि तो मारणारा पाहिजे. तो माणूस गावात राहिलाच नाही तर बाहेरून आणावा लागतो आणि मग खर्च कितीतरी पट.

ह्यूस्टनकर
हे पटलं. तरी टॅक्सचं चित्र एकतर्फी रंगवू नका, टेक्सासात मालक स्वतः राहत असेल आणि तशी नोंद असेल तर त्या घराची करासाठीची किंमत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

रानवारा
वर्षाला 10 टक्के म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट झाली की! आणि आजीचं घर, राहतो भाचा, कागद कुणाच्याच नावावर धड नाहीत, तिथे ही सवलत मिळवायलाच किती खेटे घालावे लागतात. टेक्सासच्या कायद्यात नेमलेल्या ऐतिहासिक वास्तूंना टॅक्स माफ करायची मुभा स्थानिक संस्थांना आहे. ती देखण्या इमारतींपुरती न ठेवता राहत्या अडोबी घरांना द्या, मालक स्वतः राहतोय आणि भिंत मातीनेच लिंपतोय एवढीच अट घाला.

ह्यूस्टनकर
आणि शाळा, रस्ते? टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, शाळा बऱ्याच अंशी प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात. त्याच कुटुंबांची पोरं त्या शाळांत जातात. तिथला खड्डा कोण भरणार?

रानवारा
वीकेंडला येणाऱ्यांची घरं आणि हॉटेलं. ते मातीच्या भिंती बघायलाच येतात ना, मीही त्यातलाच. माझ्या खोलीच्या बिलात चार डॉलर जास्त लावले असते तर मी दिले असते.