तपासण्या लवकर करा, आयव्हीएफची घाई मात्र नको: तुमचं मत काय?

मनवा (धागाकर्ती)

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, मूल हवंय आणि दिवस राहत नाहीत, की सल्ले सुरू होतात. काही जण म्हणतात, "टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल." काही जण म्हणतात, "वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ करा," म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार. या दोन टोकांच्या मध्ये अनेक जोडपी भरडली जाताना पाहिली आहेत, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: दोघांच्याही तपासण्या लवकर आणि एकाच वेळी व्हाव्यात. कारण कळेपर्यंत कुठलाही उपचार सुरू करू नये. आणि कारण किरकोळ निघालं किंवा सापडलंच नाही, तर साध्या उपायांना पुरेशी संधी दिल्याशिवाय आयव्हीएफकडे जाऊ नये.

स्त्रीचं वय 40 च्या आत असेल आणि संबंध नियमित असतील, तर वर्षभरात 80 टक्क्यांहून जास्त जोडप्यांत दिवस राहतात. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत दुसऱ्या वर्षी राहतात. म्हणूनच डॉक्टर साधारण 12 महिने थांबायला सांगतात. वय 35 च्या पुढे असेल तर 6 महिने, आणि चाळिशी आली असेल तर थांबूच नये. पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल, पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा क्षयरोग झाला असेल, पुरुषाची अंडकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कोणा एकाचे कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर वय कितीही असो, आधीच दाखवावं.

सुरुवातीच्या तपासण्या मोजक्याच असतात. पुरुषाची वीर्य तपासणी, स्त्रीचं बीज दर महिन्याला फुटतंय का हे पाहणं, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी. यातली सगळ्यात सोपी तपासणी पुरुषाची आणि नेमकी तीच सगळ्यात शेवटी होते. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा स्त्रीच्या कारणासोबत. तरीही बायको वर्षभर गोळ्या घेते, दर महिन्याला सोनोग्राफी करते, आणि नवऱ्याचा नमुना लॅबमध्ये गेलेलाच नसतो. याचा मला मनापासून राग येतो.

निशिगंध

मनवा, तपासण्यांबद्दल शंभर टक्के सहमत. "साध्या उपायांना पुरेशी संधी" याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ही संधी कोणाच्या वयातून दिली जाते? स्त्रीच्या.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे 10 ते 20 लाख बीजं असतात, वयात येताना 3-4 लाख उरतात आणि त्यात नवी भर कधीच पडत नाही. पस्तिशीनंतर संख्या कमी होतेच, शिवाय उरलेल्या बीजांत गुणसूत्रांच्या चुका वाढतात. त्यामुळे दिवस राहणं अवघड होतं आणि राहिले तरी गर्भपाताची शक्यता वाढते. आयव्हीएफने बीजाचं वय कमी होत नाही. म्हणजे "आधी सगळं करून बघू, मग आयव्हीएफ" म्हणणारी स्त्री आयव्हीएफला पोहोचते तेव्हा त्याचाही उपयोग घटलेला असतो.

अमेरिकेत 38 ते 42 वयाच्या, वंध्यत्वाचं कारण न सापडलेल्या स्त्रियांवर उपचारांची तुलना करणारी फोर्ट-टी नावाची चाचणी झाली. पहिल्या 2 सायकलींत, म्हणजे उपचाराच्या फेऱ्यांत, थेट आयव्हीएफ केलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींना गर्भधारणा झाली, आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं) केलेल्या गटांत साधारण पाचातल्या एकीला. या वयात पायऱ्या चढत बसणं म्हणजे हातातले महिने सोडून देणं.

मनवा

निशिगंध, 38 च्या पुढे मी तुमच्याशी वाद घालणारच नाही, वर वयाप्रमाणे थांबण्याचा काळ कमी केलाय तो त्यासाठीच. माझा रोख 28-34 च्या जोडप्यांवर आहे, ज्यांना पहिल्या भेटीतच आयव्हीएफ सुचवलं जातं.

त्यांच्यासाठी वेगळे पुरावे आहेत. नेदरलँड्समध्ये 17 केंद्रांत 602 जोडप्यांवर आयनेस नावाची चाचणी झाली. स्त्रिया 38 च्या आतल्या, कारण सापडलेलं नाही किंवा पुरुषाकडे सौम्य दोष. वर्षभरात निरोगी मूल झालं ते एकच भ्रूण सोडणाऱ्या आयव्हीएफ गटात 52 टक्के जोडप्यांना आणि औषधं देऊन आययूआय केलेल्या गटात 47 टक्के जोडप्यांना. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. न्यूझीलंडमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळ्या देऊन 3 वेळा आययूआय केलेल्यांपैकी 31 टक्के स्त्रियांना मूल झालं, नुसतं थांबलेल्यांपैकी 9 टक्के. ती सगळी जोडपी आपोआप दिवस राहण्याची शक्यता कमी असलेली होती, म्हणजे आययूआयला वेळकाढूपणा म्हणता येणार नाही.

आणि आयव्हीएफ म्हणजे काय हे शरीराला विचारा. रोजची इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं आणि काहींना बीजकोश जास्त उत्तेजित होऊन पोटात पाणी साठण्याचा त्रास. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर करावं. गरज ठरवण्याआधीच सुरू करू नये, एवढंच.

अमेय_पु

पुरुष म्हणून लिहितो, कारण अशा चर्चेत आमच्या बाजूने बोलणारे कमी असतात.

माझ्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले. रिपोर्ट हातात आल्यावर माझा पहिला विचार मुलाचा नव्हता, लोक काय समजतील याचा होता. आता स्पष्ट कळतं की शुक्राणू नसणं आणि लैंगिक क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ते त्या दिवशी कोणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं. नवरे तपासणी टाळतात त्याचं मूळ बहुतेक वेळा या भीतीत असतं. त्यांना नुसतं दोषी ठरवून ते लॅबमध्ये जाणार नाहीत.

माहिती म्हणून काही गोष्टी. एका खराब रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा तापसुद्धा आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. नमुना 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळून द्यायचा असतो आणि रिपोर्ट बिघडलेला असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी नीट वाचा: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून अंडकोशाला मिळणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती पार बंद पडू शकते. बंद केल्यावर ती परत यायला कित्येक महिने लागतात.

शून्य म्हणजेही सगळं संपलं असं नाही. वाट अडलेली असेल तर अंडकोशातून किंवा त्याच्या नळीतून शुक्राणू काढता येतात. निर्मितीच कमी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून शोधतात आणि साधारण निम्म्या पुरुषांत सापडतात. एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याची इक्सी पद्धत आली नसती तर आमच्यासारख्यांना दात्याशिवाय पर्याय नव्हता. या तंत्राने झालेल्या गर्भधारणा 1992 मध्ये पहिल्यांदा जगासमोर आल्या. म्हणजे माझ्या बाबतीत "आधी साधे उपाय" हा सल्ला निरर्थक होता. मनवाताई, तुमचा नियम सगळ्यांना लागू नाही.

मनवा

अमेय, इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्या बाबतीत कारण सापडलं होतं आणि उपचार त्या कारणावर झाला. मी म्हणते ते हेच. उलट इक्सीचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्यासाठी जी गरज होती ती आता सरसकट केली जाते. व्हिएतनाममध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शुक्राणू व्यवस्थित असलेल्या जोडप्यांना इक्सीचा नेहमीच्या आयव्हीएफपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. तसंच भ्रूण रुजावा म्हणून गर्भपिशवीच्या अस्तराला ओरखडा काढण्याचं. 2019 साली त्यावरही मोठी चाचणी झाली. मूल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, 26 टक्के. पण आशेवर जगणारं जोडपं "हेही करू या" म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

स्थिरा

मला तर मूळ मुद्दाच पटलेला नाही. "लवकर तपासण्या" म्हणता म्हणता धडधाकट मुलींना घाबरवलं जातंय. माझ्या धाकट्या बहिणीने अजून प्रयत्नही सुरू केले नव्हते. कोणाच्या तरी सांगण्यावरून एएमएच ही रक्ततपासणी करून घेतली, प्रमाण कमी आलं आणि ती खचून गेली.

एएमएच बीजांचा साठा दाखवतं, त्यांची प्रत नाही. अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे 750 स्त्रियांवर अभ्यास झाला होता, 2017 साली तो प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांत आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. आयव्हीएफची इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील याचा अंदाज घ्यायला ही तपासणी चांगली. "मला मूल होईल का" या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही. म्हणून माझं मत, वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीही तपासू नये.

निशिगंध

स्थिरा, एएमएचबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर. पण त्यावरून "काहीही तपासू नये" कसं निघतं? पाळी तीन-तीन महिन्यांनी येणाऱ्या पीसीओएसच्या (हार्मोन्सच्या असंतुलनाचा विकार असलेल्या) मुलीने वर्षभर कशाची वाट पाहायची? तिचं बीजच नियमित फुटत नाहीये. तिला बीज फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्यांनी दिवस राहू शकतात, आयव्हीएफची गरज बहुतेकदा पडतही नाही. एक तपासणी निरुपयोगी ठरली म्हणून सगळ्या पुढे ढकलणं मला घातक वाटतं.

स्थिरा

पाळी अनियमित असेल तर जरूर दाखवावं, ते मान्य. नियमित असेल तर थांबावं, यावर मी ठाम आहे.

पाऊलवाट

वाचतेय सगळं. तुम्ही सगळे सुरुवात कधी करायची यावर भांडताय, थांबायचं कधी यावर एक ओळही नाही.

आम्ही काही सायकलींनंतर थांबलो. प्रत्येक वेळी "पुढची नक्की" असं ऐकलं. शेवटी नवऱ्याने विचारलं, तुझं शरीर आणि आपलं घर या उपचारांपलीकडे काही उरलंय का? आता आम्ही दोघंच आहोत आणि तसंच राहायचं ठरवलंय. दत्तक घेण्याचा सल्ला कृपया देऊ नका. ज्यांना मनापासून घ्यायचंय त्यांनी घ्यावं, पण हरलेल्या उपचारांची भरपाई म्हणून एखादं मूल घरी आणणं त्या मुलावर अन्याय आहे असं आम्हाला वाटतं.

मनवा, तुमच्या पायऱ्यांची यादी आयव्हीएफवर संपते. त्यात थांबणं ही पायरी का नाही?

मनवा

पाऊलवाट, ती असायलाच हवी. माझ्या मते किती सायकली करायच्या हे पहिलं इंजेक्शन घेण्याआधी दोघांनी ठरवावं आणि लिहून ठेवावं. अपयशाच्या दुसऱ्या दिवशी माणूस शांतपणे ठरवू शकत नाही. केंद्राला विचारावं, आमच्या वयाच्या स्त्रियांत सुरू केलेल्या दर 100 सायकलींमागे किती मुलं जन्माला येतात? गर्भधारणेचा आकडा सांगितला तर पुन्हा विचारावं, कारण पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक गर्भधारणा चाचणी बाळापर्यंत पोहोचत नाही. स्वतःचं बीज घेऊन 43 च्या पुढे तो आकडा फार खाली जातो. दात्याचं बीज वा शुक्राणू चालतील का हेही आधीच बोलून घ्यावं.

निशिगंध

पुन्हा असहमत. आकडा आधी ठरवता येत नाही, कारण पहिली सायकल ही एक तपासणीच असते. बीजं किती मिळाली, किती फलित झाली, भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढले का, हे तिच्याआधी कुणालाच माहीत नसतं. चार चांगले भ्रूण गोठवून ठेवलेले असताना "दोनच ठरवलं होतं" म्हणून थांबायचं? आणि एकही भ्रूण वाढला नसताना तीन ठरवल्या म्हणून तिन्ही करायच्या? पहिल्या सायकलनंतर महिनाभर काहीही न करता थांबावं, डॉक्टरांसमोर दोघांनी बसून त्या सायकलचे कागद वाचावेत आणि मग ठरवावं. पाऊलवाट, तुमच्या बाबतीत तसं बोलणं कोणी केलं होतं का?

पाऊलवाट

नाही. पुढच्या तारखा मिळाल्या फक्त.