स्विफ्टला अँड्रॉइड स्क्रीन बसवायचा आहे: वायर कापावीच लागते का? आणि चोर्ला घाटात मॅप चालेल का?

खानापूरची_बाई

नमस्कार. आमची गाडी मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१५ची. कंपनीचा टेप अजून चांगला वाजतो, पण त्यात मॅप नाही. मुलगी म्हापशाला नोकरीला आहे, त्यामुळे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असं आमचं जाणं-येणं वरचेवर असतं आणि गाडी मीच चालवते. फोन काचेला चिकटवलाय, तो घाटातल्या वळणावर निसटतो आणि नेमका क्लचपाशी जाऊन पडतो. हे धोक्याचं आहे, म्हणून डॅशमध्येच स्क्रीन बसवायचं ठरवलंय.

बेळगावात एका दुकानात चौकशी केली. नऊ इंची स्क्रीन, चार जीबी रॅम, मागचा कॅमेरा, सगळं धरून साडेअकरा हजार. "मागच्या वायरी कापून जोडतो मॅडम, दोन तासांत गाडी घेऊन जावा," म्हणाला. कापायचं नाव काढल्यावर मी पैसे न देताच परत आले.

तर विचारायचं असं: वायरी न कापता हे काम होतं का? कणकुंबीच्या पुढे फोनला रेंज नसते, मग तिथं हा मॅप काय दाखवणार? आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी आठ-दहा दिवस दारात उभी असते, तेव्हा बॅटरी उतरेल का? जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर_७१

ताई, माझं मत विचाराल तर साडेअकरा हजार घालायची गरजच नाही. काचेचा होल्डर काढून टाका आणि एसीच्या जाळीला स्क्रूनं आवळायचा होल्डर घ्या. तवंदी घाटात रोज वर-खाली करतोय, माझा फोन हललेला नाही. कायद्याचीही अडचण नाही. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमात बदल झालाय, फक्त रस्ता बघायला फोन वापरला तर चालतंय, लक्ष विचलित व्हायला नको एवढीच अट. उन्हात फोन तापतो तेवढा एक त्रास आहे.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक

निपाणीकरांचं म्हणणं बरोबर आहे, फोननंही भागतं. पण बाईंना घाटात नजरेसमोर मोठा नकाशा पाहिजे आणि ती मागणी रास्त आहे. तर स्क्रीन बसवायचाच धरून सांगतो. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो.

बाई, एकही वायर कापू देऊ नका. तुमच्या टेपच्या मागं मारुतीचा प्लास्टिकचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा खटका आहे. त्यात बरोबर बसणारा तयार कपलर बाजारात मिळतो. त्याचं एक तोंड गाडीच्या कपलरमध्ये जातं, दुसरं नव्या स्क्रीनच्या वायरिंगला. स्क्रीनच्या किमतीपुढं त्याची किंमत किरकोळ आहे. उद्या गाडी विकायची झाली तर जुना टेप जसाच्या तसा परत बसतो. वायर एकदा कापली की आखूड होते, आणि मग पुढच्या कारागिराला डॅशच्या आत बोट घालायलाही जागा राहत नाही.

तुमच्या मॉडेलच्या स्विफ्टचा टेप डॅशच्या आकारातच घडवलेला आहे. बाजारात ज्याला डबल डिन म्हणतात तो १७८ बाय १०० मिलिमीटरचा चौकोन त्यात थेट बसत नाही. त्यामुळं २०११ ते २०१७ च्या स्विफ्टसाठीची फ्रेमच लागणार. दुकानदाराला आधी फ्रेम आणि कपलर काउंटरवर ठेवायला सांगा, मगच स्क्रीनचं बोलणं करा. "थोडं घासून बसवतो" म्हणाला तर उठून या. घासलेला डॅश परत भरून येत नाही, आणि खानापूर-जांबोटी रस्त्यावर तो असा काही कुरकुरतो की मॅपचा आवाज ऐकू येत नाही.

आता बॅटरीचं. नव्या स्क्रीनला दोन पॉझिटिव्ह वायरी येतात. पिवळी म्हणजे कायमची लाइन, ती घड्याळ आणि सेटिंग जपते. लाल म्हणजे चावीची लाइन, चावी फिरवल्यावरच तिच्यात करंट यायला पाहिजे. घाईत काम करणारे दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडतात, म्हणजे चावीची लाइन शोधायचे कष्ट वाचतात. मग गाडी बंद केली तरी स्क्रीन आतून जागाच राहतो. हिंडलग्याचे एक गृहस्थ अशीच गाडी घेऊन आले होते. बॅटरी नवी घातली, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नव्हती. टेप बाहेर ओढला तर पिवळी, लाल आणि गाडीची वायर अशा तिन्ही एकत्र पिळलेल्या, वरून काळी चिकटपट्टी. उन्हानं पट्टीचा डिंक पातळ होऊन बोटाला चिकटत होता, आणि तांब्याची एक तार पट्टीतून बाहेर येऊन लोखंडी पट्टीपासून केसभर लांब होती. ती टेकली असती तर डॅशच्या आत जाळ झाला असता. म्हणून जोड सोल्डरचा पाहिजे, त्यावर हीटश्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी पाहिजे, आणि पिवळ्या वायरीवर फ्यूज पाहिजेच. फ्यूज काढून थेट जोडलेली स्क्रीन मी आत घेत नाही.

हिशेब सांगतो म्हणजे कळेल. जागा राहिलेला स्क्रीन अर्धा ॲम्पिअर जरी खात असला तरी दिवसाला १२ ॲम्पिअर-तास जातात. ४५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी दुसऱ्या दिवसाअखेर निम्म्याखाली येते आणि डिझेल इंजिनाला सेल्फ जोरात लागतो. तेच काम नीट झालं असेल तर बंद गाडीचा एकूण करंट ३० मिलिॲम्पिअरच्या आसपास राहतो. मग दहा दिवसांत सात-साडेसात ॲम्पिअर-तासच जातील, तुमची सुट्टी आरामात निघेल. काम झाल्यावर कारागिरासमोरच तपासायला सांगा: गाडी लॉक करायची, थोडा वेळ थांबायचं, मग बॅटरीच्या निगेटिव्हवर मल्टिमीटर सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे बॅटरीचं टोक आणि काढलेली वायर यांच्या मधे. ५० मिलिॲम्पिअरच्या वर दाखवत असेल तर चावी हातात घेऊ नका.

स्पीकरच्या वायरींचंही एक बघा. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या असतात, काळ्या रेघेची ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. ही निगेटिव्ह बॉडीला अर्थ करायची नसते. केली तर आतला ॲम्प्लिफायर आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप जळते, आणि दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. डब्यावर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. गाडीच्या लाइनवर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात वीसेक वॅटच मिळतात आणि घरच्या माणसांना तेवढे पुरे होतात.

रॅमचा आकडा सेटिंगमध्येही खोटा दाखवता येतो. त्यापेक्षा दुकानात बसूनच मॅप उघडा, बेळगाव ते म्हापसा रस्ता लावा आणि नकाशा बोटानं भराभरा सरकवा. चित्र मागं राहून तुकड्यातुकड्यांनी येत असेल तर तो स्क्रीन घाटात तुम्हाला वळण झाल्यावर वळण सांगेल.

एक कळकळीचं सांगतो. हँडब्रेकची म्हणून एक वायर येते. हँडब्रेक ओढल्याशिवाय व्हिडिओ दिसू नये यासाठी ती असते. बहुतेक दुकानांत ती न विचारता अर्थला टाकून देतात, म्हणजे गाडी पळत असतानाही पिक्चर चालू. तुम्ही स्पष्ट सांगा, ती हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा. मॅपला त्यामुळं काही अडत नाही.

खानापूरची_बाई

दादा, फार उपकार झाले. एवढं कुणी दुकानात सांगत नाही. फ्रेम आणि कपलरचं लिहून घेतलं. चोर्ल्यात रेंज नसताना काय होतं तेवढं राहिलं.

चंदगड_ते_गोवा

ते मी सांगतो, माझी गाडी भाड्यानं चालते आणि तो रस्ता पाठ आहे. ताई, जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वरून सिग्नल पाठवत असतात, आपला स्क्रीन तो फक्त ऐकतो. त्यामुळं तुमचा निळा बाण जंगलातही सरकत राहतो. रेंजअभावी गायब होतो तो बाणाखालचा नकाशा. म्हणून घरी वायफायवर असताना गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. चौकोन खानापूरपासून म्हापशापर्यंत ताणा, साखळी आणि डिचोली आत आली पाहिजे. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही नकाशाची ॲप घालून ठेवली तर उत्तम, ती मुळात ऑफलाइनसाठीच आहेत. ट्रॅफिक मात्र ऑफलाइन दिसणार नाही.

अजून एक. जागा शोधायला इंटरनेट असलं की स्क्रीन लवकर उठतो, कारण कुठला उपग्रह कुठं आहे ही माहिती नेटवरून मिळते. नेट नसताना ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो आणि आभाळ मोकळं लागतं. म्हणून मॅप जांबोटीतच चालू करून घ्या. कणकुंबीपुढं दाट झाडीत, पावसाळ्याच्या धुक्यात गाडी बाजूला घेऊन मॅप सुरू करत बसू नका.

आणि मॅप म्हणेल तसं वळू नका. बेळगावातून म्हापसा टाकलं की तो कधी कधी पाटणे फाट्यावरून तिलारी घाटानं दोडामार्गला उतरवतो, किलोमीटर कमी दिसतात म्हणून. त्या घाटाचा उतार आणि ती वळणं स्क्रीनवर कळत नाहीत. नवख्यानं पावसात तिथं उतरू नये. मधे चोर्ला हे ठिकाण थांबा म्हणून टाकलं की रस्ता पक्का राहतो. चोर्ला बंद असेल तर लोंढा, रामनगर, अनमोड, मोले हा महामार्ग, तुम्हाला खानापूरहून तो सोयीचाच आहे.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक

चंदगडवाल्यांनी चांगलं सांगितलं. त्यात माझी भर अँटेनाची. स्क्रीनबरोबर काळी चौकोनी जीपीएस अँटेना येते, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, खाली लोहचुंबक. तिचं तोंड आभाळाकडं पाहिजे. काचेच्या बुडाशी डॅशवर ठेवली तर सगळ्यात चांगलं. डॅशच्या प्लास्टिकखाली ठेवली तरी चालते, पण वर लोखंडी पट्टी नको. वायर दिसू नये म्हणून काही कारागीर तिला टेपच्या पाठीमागंच कोंबतात. शहरात ती कशीबशी चालते, पण खडेबाजारातून निघालेला बाण ट्रेनच्या रुळावर दिसायला लागतो आणि घाटात तर अंगच टाकते. समोरच्या काचेला धातूची फिल्म असेल तरीही सिग्नल कमी होतो. स्वस्तातला डॅशकॅम बसवणार असाल तर त्याची वायर अँटेनापासून लांब न्या. आणि एअरबॅगच्या झाकणावरून कुठलीही वायर नको.

घरी आणल्यावर जीपीएस टेस्टचं एखादं ॲप टाका. उघड्या अंगणात गाडी उभी करून बघा, आठ-दहा उपग्रह जोरात दिसले तर अँटेना जागेवर आहे.

खानापूरची_बाई

शेवटचा प्रश्न. परतताना कधी कधी रात्र होते. एवढा मोठा स्क्रीन अंधारात डोळ्यांवर येणार नाही का? आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत बसले होते, समोरचा रस्ताच दिसेना.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक

येतो, पण त्यांच्या गाडीत बहुधा नारिंगी वायर मोकळी सोडलेली असेल. त्या वायरीवर आयएलएल असं लिहिलेलं असतं. ती पार्किंग लाइटच्या लाइनला जोडली की लाइट लावताच स्क्रीन आपोआप मंद होतो. तुमच्या जुन्या टेपच्या कपलरमध्येही लाइटची लाइन असते, कारण लाइट लावले की टेपची बटणं उजळतात. म्हणजे तयार कपलर नीट जोडला तर वेगळं काही ओढावं लागणार नाही. कारागिराला पार्किंग लाइट लावून दाखवायला सांगा. नंतर सेटिंगमध्ये रात्रीचा उजेड अगदी तळाला न्या आणि मॅप काळ्या रंगावर ठेवा.

बसवायच्या दिवशी बॅटरीचा निगेटिव्ह काढल्याशिवाय टेपला हात लावू देऊ नका. कॅमेऱ्याची वायर डिकीच्या झाकणाच्या रबरी नळीतूनच घ्यायला सांगा. बाहेरून घेतली तर झाकण दाबून दाबून वर्षभरात तुटते.