विंडोजची डिस्क नसली तरी चालतं, पण ड्रायव्हर आधी घेऊन ठेवा

लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकायची आहे आणि तिची इन्स्टॉलेशनची डिस्क हरवली, म्हणजे आता विंडोज नव्याने विकत घ्यावी लागणार असं काही जण म्हणतात, ते नाही पटलं. 2012 साली विंडोज 8 आली तेव्हापासून विंडोजसकट मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपात प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा कोड, मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डावरच्या) चिपमध्येच टाकलेली असते, त्यामुळे तीच एडिशन टाकली, म्हणजे होम असेल तर होमच, तर नेट जोडल्यावर विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं) घ्यायचं, 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावायचा, बाकी ते टूलच करतं.

पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मागे बहिणीचा लॅपटॉप करायला घेतला, सगळं नीट चाललं होतं आणि विंडोज कुठे टाकायची विचारणाऱ्या स्क्रीनवर ड्राइव्हची यादी कोरी! मला वाटलं एसएसडीच, म्हणजे लॅपटॉपमधली डेटा साठवायची डिस्कच, गेली, तिचे सगळे फोटो त्यात, हातपाय गळाले. एसएसडी ठणठणीत होती. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपात व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर, सेटअपमध्ये नसला तर ही आतली डिस्क दिसतच नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा, अनझिप करून त्याच पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि लोड ड्रायव्हर दाबून तो फोल्डर दाखवायचा, डिस्क लगेच येते. हे जुनी विंडोज चालू आहे तोवरच उरकून घ्या, आणि डेटाची कॉपी नि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 आकडी रिकव्हरी की पण तेव्हाच काढून ठेवा, नंतर फार धावपळ होते.