रिसालदार काकांची मॉडेल्स १६ डिसेंबरला मांडायची आहेत, दुरुस्ती कशी करावी?

भुईकोट (सोलापूर):
रणगाडा दलातून निवृत्त झालेले आमचे रिसालदार काका श्रावणात गेले. त्यांच्या मागे ३८ स्केल मॉडेल्स आहेत आणि प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीने एकेका मित्राचं नाव लिहिलेलं आहे. एसटीत चालक असलेल्या मित्रासाठी लाल एसटी, विणकर मित्रासाठी हातमाग, बाकी रणगाडे आणि विमानं. कोणतं मॉडेल कोणासाठी, याची काकांची एक वहीही आहे. काकूंचं म्हणणं असं, की विजय दिनाला, १६ डिसेंबरला, सगळी एकदा एकत्र मांडायची आणि मग ज्याची त्याच्या हाती द्यायची.

कपाट उघडल्यावर दिसलं ते असं. १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) सेंच्युरियन रणगाड्याची रबरी साखळी चाकांना जिथे टेकते तिथे चाकं वितळल्यासारखी चिकट झालीत. मॉडेल उन्हात कधीच नव्हतं. १/७२ नॅट विमानाचं नाक जोडावर उकललंय आणि आत पांढरी भुकटी आहे. खालच्या कप्प्यातल्या मॉडेल्सचा रंग इतका मऊ पडलाय की बोटाचा ठसा उठतो. शिवाय दुसरा एक सेंच्युरियन अर्धवट आहे: बुरूज (तोफ असलेला वरचा फिरता भाग) रंगवून तयार, खालचं सगळं सुटं. तो पूर्ण करावा की तसाच ठेवावा?

पस्तिसावा_भाग:
सगळ्यात आधी एक बघा: त्या कपाटात डांबरगोळ्या आहेत का? असतील तर आजच बाहेर काढा. ही मॉडेल्स पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची असतात आणि नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला व त्यावरच्या रंगाला मऊ करते. बंद कपाटात महिनोन्‌महिने ही वाफ कोंडून राहते.

साखळीचं कारण वेगळं आहे. जुन्या किटमधली (मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचातली) रबरी साखळी म्हणजे मऊ पीव्हीसी. तिला लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि टेकलेल्या चाकात शिरून ते विरघळवतं. म्हणून नुकसान फक्त स्पर्शाच्या जागी दिसतं. काकांच्या कामात खोट नाही, हा त्या साखळीचाच गुण आहे.

साखळी ओढू नका, चाकाचा कडा निघून येईल. साखळी आणि चाक यांच्यामधून दात साफ करायचा मेणदोरा करवतीसारखा मागेपुढे फिरवा. ड्रायरची गरम हवा मात्र नको, मऊ झालेलं चाक वाकडं होतं. साखळी सुटली की रणगाडा सावलीत, हवेशीर जागी ८-१० दिवस तसाच राहू द्या. चिकटपणा गेल्यावर खड्डे पुट्टीने भरा, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि तेवढ्याच जागी रंग लावा.

नवी साखळी सुट्या कड्यांची, कडक प्लास्टिकची घ्या. ती मिळाली नाही आणि जुनीच बसवायची वेळ आली, तर साखळीपेक्षा १ मिमी अरुंद अशी स्वयंपाकाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी चाकं आणि साखळी यांच्यामध्ये घाला. नुसता रंगाचा थर पुरत नाही, ते द्रव्य त्यातूनही जातं. सेंच्युरियनच्या बाजूला लोखंडी पडदे असतात, त्यामुळे साखळीचा वरचा भाग दिसतच नाही. कडी कमी पडली तर ती तूट तिथे लपवा. काढलेली जुनी साखळी इतर सुट्या भागांसोबत प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका. काचेच्या बरणीत वेगळी ठेवा.

भुईकोट:
डांबरगोळ्या होत्या. खालच्या कप्प्यात काकांचे लष्करातले लोकरी स्वेटर आहेत, त्यांच्यासाठी ठेवलेल्या. आता काढल्या. मऊ पडलेला रंग पुन्हा घट्ट होईल का?

पस्तिसावा_भाग:
बऱ्याच अंशी होतो. पंख्याच्या थेट झोताखाली नाही, पण खिडकी उघडी असलेल्या खोलीत २-३ आठवडे ठेवा आणि तोवर हात लावू नका. खोल उठलेला ठसा मात्र जात नाही. त्यासाठी अख्खं मॉडेल रंगवू नये असं माझं ठाम मत आहे. ब्रशचा फटकारा त्यांचा आहे, तो झाकला की उरतं ते तुमचं मॉडेल. स्वेटर दुसऱ्या कपाटात हलवा.

बहात्तरावा_भाग:
नॅटबद्दल. तीन चाकांवर उभं राहणारं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरतात. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या असणार. त्या गोंदातून थोडं आम्ल सुटतं, शिसं त्याच्याशी आणि हवेशी मिळून पांढरं कार्बोनेट बनतं आणि फुगतं. बंद नाकात ते फुगलं की जोड उकलतो. जोर लावून नाक पुन्हा मिटवलं तर काही महिन्यांत परत उकलेल, आतलं काढावंच लागेल.

ही भुकटी विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घाला, फुंकर मारू नका, ब्रशने झटकू नका. ओल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या आणि त्या काड्या पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा, घरच्या कचऱ्यात किंवा मोरीत नको. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

नवं वजन म्हणून सायकलच्या बेअरिंगचे पोलादी छर्रे चालतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला साधारण दीडपट जागा लागते. आधी छर्रे कागदी चिकटपट्टीत गुंडाळून नाकावर बाहेरून बांधा आणि विमान पुढे टेकतंय का ते पाहा. टेकलं की दोन-चार जास्त घ्या, कारण आत गेल्यावर ते थोडे मागे सरकतात. दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा, पांढरा गोंद पुन्हा नको.

कॉकपिटची काच निघाली असेल तर तिथे उलटा नियम: तिला पांढराच गोंद, तो पारदर्शक सुकतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर धुकं धरते आणि ते धुकं पुसून जात नाही.

धोटा:
आपल्याकडे सोलापुरात, विशेषतः शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांची सुताची लव हवेत असते. ती धुळीपेक्षा चिवट, कारण रंगावरच्या बारीक खरबरीत जागी अडकून बसते. टॉवेलने पुसाल तर आणखी लव चिकटेल आणि अँटेना तुटतील त्या वेगळ्याच. मेकअपचा मऊ, रुंद ब्रश वरून खाली असा फिरवा. चिकट मळ असेल तर वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात कापसाची काडी बुडवून पिळून घ्या. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा. बोअरचं पाणी सुकलं की पांढरे डाग उरतात, काळ्या-हिरव्या रंगावर ते लगेच उठून दिसतात. थिनर किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव जवळही आणू नका.

हातमाग पाण्याने पुसू नका. ताण्याचे धागे सैल पडले असतील तर ओढून गाठ मारायचा मोह होतो, तो टाळा: फणीवर (धागे ओवलेल्या कंगव्यावर) एका बाजूनेच ताण आला तर ती तिरकी होते. मागचा तुळवट (ताण्याचे धागे गुंडाळलेला दांडा) हळूच अर्धा फेरा फिरवला की सगळे धागे एकसारखे ताणले जातात. लाकडात बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर भुंगेरा आहे. मग तो माग बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

हॉलपर्यंत नेताना बबल रॅप थेट रंगाला लावू नका, त्याचे गोल ठसे उठतात. आधी बटर पेपर, मग बाकीचं. गाडी बंद करून उन्हात उभी करू नका, डिसेंबर असला तरी.

किल्ल्याचा_बुरूज:
पेट्यांसाठी मापं: सेंच्युरियन तोफेसकट १/३५ मध्ये सुमारे २८ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद भरतो. आतून ३४ × १६ × १४ सेंमी पेटी, ३ मिमी अ‍ॅक्रिलिक. पाट्या बनवणारे अ‍ॅक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात. पेटी ४ दिवस उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच मॉडेल आत ठेवा, नाहीतर रंग पुन्हा मऊ होईल. मागच्या बाजूला ३ मिमीची दोन भोकं आणि त्यांवर बारीक जाळी. दिवे एलईडी, आणि तेही पेटीच्या बाहेर.

मुलांसाठी सेंच्युरियनजवळ एक पाटी लावा: १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, शकरगड भाग. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, जन्म पुण्याचा. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फामागुस्ता’. रणगाडा पेटल्यावर बाहेर पडायचा हुकूम आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही. मरणोत्तर परमवीरचक्र. खरा सेंच्युरियन पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सहल न्या, रंगाचा अंदाजही तिथेच नीट येतो.

आता अर्धवट सेंच्युरियन. तो पूर्ण करावा, पण वाटून घेऊन. बुरुजाला हात लावू नका, तो त्यांनी संपवलेला आहे. त्यावर ‘फामागुस्ता’ लिहायचं तेही काकांच्या वहीत तसं ठरवलेलं असेल तरच. खाली प्रत्येक बाजूला चाकांच्या ६ जोड्या, म्हणजे एकूण २४ चाकं. मॉडेल करणारे मित्र ८ असतील तर प्रत्येकी ३. चाकाचा मधला जोड ४०० नंबरने घासायचा, काठ गोल राहील एवढाच. जास्त घासलं की चाक बसकं होतं आणि रणगाडा एका अंगाला कलतो. म्हणून चिकटवण्याआधी सगळी चाकं नुसती अडकवून काचेवर उभा करून पाहा, २४ही टेकली पाहिजेत. गोंद लावल्यावर २४ तास रंग नको.

वरचं कवच बसवण्याआधी आतल्या तळावर आठही जणांनी आपापलं नाव आणि तारीख लिहा. पेन्सिलीनेच, काकांसारखं. बॉलपेनची शाई पुढेमागे रंगातून वर येते.

भुईकोट:
आम्ही सहा जण आहोत. प्रत्येकी ४ घेतो. वहीत ‘फामागुस्ता’ कुठेच नाही, या किटच्या नोंदीपुढे नाव आहे काकूंचं.