राखणीसाठी घडीचा माळा: कुठला घ्यावा?

बांधावरचा:
राम राम मंडळी. आमचं रान मार्डीच्या अंगाला, नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणांचा कळप हरभऱ्यात उतरतो, आणि मधल्या पट्ट्यात मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर गेल्यानं बांधावरून काही म्हणजे काही दिसत नाही. दरसाल मेढी रोवून माळा बांधतो, पण रान तुकड्यातुकड्यानं आहे. माळा एकीकडं, हरणं दुसरीकडं!

मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडं हरणाच्या शिकारीला झाडाला लावायचे माळे मिळतात, त्याचे फोटो धाडलेत. एक शिडीचा, एक पट्ट्यानं खोडाला आवळायचा, एक आपण बसूनच खोडावरून वर सरकवत न्यायचा. तिसरा हलका, पाठीवर मावतो, म्हणून मन तिकडं ओढतंय. शिकारीचा विषय नाही, हे आधीच सांगतो. बॅटरी, डबा आणि हाळी, एवढंच.

वडाळ्याचा पाव्हणा:
बरं केलं सांगितलं. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षं आत. झाडावर माळा आणि हातात बॅटरी दिसली की वनरक्षक विचारणारच, त्याला आधीच कानावर घालून ठेवा. आणि नुकसानीचा पंचनामा करून घेत जा, हरणांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळते.

टॉवरवाला:
मी मोबाइल टॉवरवर चढायचं काम करतो, रान आमचंही आहे.

सरकवायचा माळा डोक्यातून काढा. त्याचे दोन भाग असतात. वरचा उचलायचा, त्यावर भार टाकून पायानं खालचा ओढायचा, असं करत वर जायचं. त्याला विजेच्या खांबासारखं सरळ, बिनफांद्यांचं खोड लागतं. आपल्या कडुलिंबाला डोक्याइतक्या उंचीवरच दोन फांद्या फुटतात. बाभळीचं तर बोलायलाच नको, काटे काढण्यातच रात्र जाईल. पट्ट्याचा माळा लिंबाला बसेल, पण त्यावर चढायला पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागतात, आणि अंधारात पायरीवरून माळ्यावर पाय टाकतानाच माणूस घसरतो.

शिडीचा घ्या. जड असतो, उभा करायला दोन-तीन गडी लागतात, म्हणजे रोज हलवायचा विचार सोडा. झाड नसलेल्या तुकड्यात तीन पायांचा करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगवाले पुष्कळ आहेत. पायांखाली पत्रा लावायला सांगा, नाहीतर काळ्या रानात पाणी दिल्यावर एक पाय रुततो आणि माळा कलतो.

तिकडच्या माळ्यांवर बहुतेक 300 पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे 136 किलो. त्यात माणूस, स्वेटर, घोंगडी, डबा, सगळं आलं.

आता पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा. कमरेचा नको, मांड्या-खांद्यांतून जाणारा घ्या. कमरेचा पट्टा पडल्यावर पोटात रुततो, श्वास कोंडतो. वरून खाली जाड दोरी सोडायची, तिच्यावर हातानं सरकते पण भार आला की आवळून धरते अशी गाठ (प्रुसिक) मारायची आणि जमिनीवरच पट्टा तिला अडकवून मग पहिली पायरी. वर गेल्यावर अडकवतो म्हणणारे आमच्याकडंही आहेत. मी त्यांच्याबरोबर चढत नाही. गाठ डोक्याच्या वर ठेवा, दोरीला ढील नको. लोंबकळत राहिलं तर मांडीच्या पट्ट्यानं रक्त अडतं, तेव्हा फोन वरच्या खिशात हवा आणि घरी कुणालातरी ठाऊक हवं. काढणी झाली की पट्टे सोडून घरात ठेवा. सोलापूरच्या उन्हात नायलॉन कडक होतं, बाहेरून नवं दिसतं आणि दुमडलं की धागे तुटतात.

आबा:
मी म्हणतो, हरणं काय पहिले दोन दिवस भितात. तिसऱ्या दिवशी तुम्ही माळ्यावर आणि ती खाली निवांत. जागा बदलत ऱ्हावा.

बांधावरचा:
आबा, तेच तर दुखणं आहे. टॉवरवाले, शिडीचा एक आणि तिपाई एक, असं ठरलं. पत्रा केवढा लावू?

टॉवरवाला:
फूटभर चौकोनी, चांगला जाड. आणि कडा घासून घ्या, पाय कापतो.