मदत हवी आहे : लहान मुलांना कोणता ‘जंगल बुक’ दाखवावा?

आमच्या गृहसंकुलात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत ‘द जंगल बुक’ दाखवायचा आहे. मात्र डिस्नेचा 1967 चा ॲनिमेशनपट निवडावा की जॉन फॅवरो यांनी दिग्दर्शित केलेला 2016 चा लाइव्ह-ॲक्शन चित्रपट, याबाबत माझा निर्णय होत नाही. ज्यांनी दोन्ही पाहिले आहेत, त्यांनी कृपया आपले मत सविस्तर लिहावे.

नव्या चित्रपटात मोगली झालेला नील सेठी वगळता जवळजवळ सारे जंगल संगणकावर घडवलेले आहे, आणि ते इतके खरे वाटते की शेरखान या वाघाची झेप पाहताना मोठी माणसेही दचकतात. आपल्याकडे त्याला ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असे) प्रमाणपत्र मिळाले होते, ही गोष्टही माझ्या मनात आहे. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आहे. तो मला अतिशय भावला, पण सहा वर्षांच्या मुलाला त्याची भीती वाटेल का?

जुन्या चित्रपटाची लय संथ आणि गाणी भरपूर आहेत. त्याचा शेवट मोगली मुलीमागोमाग माणसांच्या वस्तीत जाण्याने होतो, तर नव्यात तो जंगलातच राहतो. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण मोगली नेमका कोणाचा, हा मूळ प्रश्नच त्यामुळे वेगळ्या रीतीने सुटतो. आपल्या मुलांना कोणता शेवट अधिक पटला, आणि कोणत्या प्रसंगी ती घाबरली, हे पालकांनी आवर्जून कळवावे.