शब्दचर्चा: राउटरशिवाय नेट 'देणं', 'वाटणं' की 'सामायिक करणं'?

कोपरीकर:
ऐरोलीतल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी एक पानी माहितीपत्रक करतोय. घरातल्या एकाच संगणकाला केबलवाल्याची वायर आहे, राउटर नाही, आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला त्या संगणकावरूनच वाय-फायने नेट मिळवून द्यायचं आहे. कृती लिहून झाली. अडलंय शीर्षकाशी. 'इंटरनेट जोडणीचे बिनतारी सामायिकीकरण' असं लिहिलं आणि माझं मलाच वाचवेना. तुम्ही काय म्हणाल?

नौपाडेकर:
'हॉटस्पॉट' लिहा आणि मोकळे व्हा. 'बिनतारी' म्हटलं की मला पोलिसांच्या जीपमधला खरखरणारा संच आठवतो.

वाशीवाले काका:
बिनतारीला नावं ठेवू नका हो. बिनचूक, बिनविरोध, बिनपगारी यांच्या पंगतीतला साधा शब्द आहे. पूर्वी 'तार' म्हटलं की दारात तारवाला आणि घरात रडारड, म्हणून तो थोडा गोंधळाचा होता. पण जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. आता तार म्हणजे वायर, दुसरं काही नाही. उलट 'वाय-फाय'लाच अर्थ नाही. १९९९ मध्ये इंटरब्रँड या नावं घडवणाऱ्या कंपनीकडून करून घेतलेलं ते नाव. 'वायरलेस फिडेलिटी' हा विस्तार मागाहून चिकटला. त्यामुळे त्याचं भाषांतर करायला कोणी बसू नये. वाय-फायला वाय-फायच म्हणा, आणि गुणधर्म सांगायचा असेल तिथे बिनतारी.

घोडबंदर रोड:
माझा आक्षेप 'सामायिक'वर आहे. मोबाइलच्या मराठी पडद्यांवर 'सामायिक करा' सर्रास दिसतं, पण मराठीत सामायिक म्हणजे ज्यावर सगळ्यांचा सारखा हक्क. सामायिक विहीर, सामायिक भिंत, सोसायटीचा सामायिक जिना. सातबाऱ्यावर सामायिक लागलं की भाऊ-भाऊ कोर्टात दिसतात, ते याच हक्कापायी. (शेजारच्या जैन आजींना 'सामायिक करा' वाचून तिसरंच काही वाटेल. त्यांच्याकडे सामायिक म्हणजे ४८ मिनिटं समभावाने बसणं.)

आता कोपरीकरांच्या घरातली मांडणी बघा. जोडणी एकाच संगणकाकडे येते. तोच दुसऱ्याला आतला पत्ता (आयपी पत्ता, म्हणजे घरातल्या जाळ्यातला ओळखक्रमांक) देतो. विंडोजमध्ये स्वतःकडे बहुधा १९२.१६८.१३७.१ ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच मालिकेतले पुढचे पत्ते वाटतो. बाहेर जाणारी प्रत्येक मागणी तो स्वतःच्या नावाने पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. केबलवाल्याला एकच संगणक दिसतो. तो मुख्य संगणक झोपला की आतल्या खोलीतलं नेट गेलं. यात हक्क सारखा कुठे आहे? एक देणारा, बाकीचे घेणारे. म्हणून क्रियापद 'देणं'च हवं. 'या संगणकावरून दुसऱ्याला नेट द्या.' पोरंसुद्धा 'हॉटस्पॉट दे ना' म्हणतात, 'हॉटस्पॉट सामायिक कर' कोणी म्हणत नाही.

नेरूळची वहिनी:
मग 'उसनं नेट' म्हणा की!

घोडबंदर रोड:
वहिनी, उसनं परत करावं लागतं. वाटीभर साखर आणली तर वाटीभर साखर द्यायची. वापरलेला जीबी कोण परत करतो?

जुना वायरमन:
यातली थोडी जुनी हकीकत सांगतो, कारण शब्द तिथूनच आलेत. संगणकाने संगणकाला नेट देण्याची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ मध्ये आली. नाव 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग'. त्या वेळी आम्ही डोंबिवली-ठाण्याकडे मुख्य संगणकाला दोन नेटवर्क कार्डं बसवायचो. एकात केबलवाल्याची वायर, दुसऱ्यातून क्रॉस केबल भिंतीतून पलीकडे. बरेच केबलवाले जोडणी एकाच कार्डाच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कार्डाच्या कायमच्या ओळखक्रमांकाला, बांधून ठेवायचे, म्हणून हा उद्योग. तेव्हा आमच्या तोंडी 'नेट फिरवणं' होतं. 'मागच्या खोलीत नेट फिरवून दे.' शब्दकोशात नसेल, पण गिऱ्हाइकाला बरोबर कळायचं.

लॅपटॉप आले तशी क्रॉस केबल गेली आणि 'अ‍ॅड हॉक' आलं. इथे लोक घोळ करतात. अ‍ॅड हॉक म्हणजे मधे कोणी केंद्र न ठेवता संगणकांनी वाय-फायवर थेट एकमेकांशी बोलणं. त्याने जोडणी होते, नेट मिळत नाही. नेट द्यायचं तर त्यावर वेगळं शेअरिंग चालू करावं लागायचं. आणि सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनना असं जाळं दिसायचंच नाही, त्यामुळे फोन हातात आल्यावर ही पद्धत मागे पडली. विंडोज ७ पासून संगणक स्वतःच केंद्र होऊ लागला, पण काळ्या खिडकीत 'नेटश'ची आज्ञा टाईप करून. २०१६ च्या विंडोज १० मध्ये त्याचं 'मोबाइल हॉटस्पॉट' नावाचं बटण झालं. आठ यंत्रांपर्यंत जोडता येतात. जोडणे आणि देणे ही दोन कामं एका बटणात गेली, म्हणून आता दोन्हींना 'हॉटस्पॉट' म्हणतात.

वाशीवाले काका:
अ‍ॅड हॉकला मराठी शब्द तयार आहे: तदर्थ. तदर्थ समिती, तदर्थ पदोन्नती. गंमत बघा, लॅटिनमध्ये 'यासाठी', संस्कृतात 'त्यासाठी'. शब्द जवळजवळ आरशातला. 'तदर्थ जाळे' का नको?

नौपाडेकर:
कारण आमच्या कार्यालयात तदर्थ नेमलेली माणसं तिथूनच निवृत्त झाली. मराठीत तदर्थ म्हणजे तात्पुरतं म्हणून आणलेलं आणि कायमचं चिकटलेलं. ज्येष्ठांच्या पत्रकात तर नकोच.

घणसोली स्टेशन:
टेदरिंग राहिलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं. 'टेदर' म्हणजे गुराला बांधायचं दावं. एका फोनला यूएसबी वायरने एक लॅपटॉप जोडला तर ते दावं, आणि एकाच फोनवर चार-पाच जण लटकले तर ती चक्क दावण! मराठीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत, इंग्रजीला एकावर भागवावं लागतं.

नेरूळची वहिनी:
शब्द झकास. पण 'सासऱ्यांना दावणीला बांधलं' असं घरात म्हणून दाखवा आधी.

घोडबंदर रोड:
हाच त्यातला अडसर. दावणीला बांधणं म्हणजे मिंधं करणं, राजकारणाच्या बातम्यांनी तो अर्थ पक्का केलाय. माझं मत: टेदरिंगला मराठी शब्द शोधू नये, 'फोनची वायर लावून नेट घेणं' असं फोडून सांगावं. सांगितल्यावर कळतं ते शीर्षकात कोंबायची गरज नाही.

'होस्ट'ला मात्र 'यजमान' चांगला बसतो, ठेवा. यजमान संगणक, पाहुणे संगणक. यजमान झोपले तर पाहुणे उपाशी, हे वेगळं समजावावं लागत नाही.

जुना वायरमन:
पत्रकात दोन गोष्टी घालाच. जुन्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा वाय-फाय नसतं, त्याला यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल लागतो. आणि यजमान संगणकाची 'स्लीप' सेटिंग बंद करायची. निम्मे फोन मला याच दोन कारणांनी येतात.

कोपरीकर:
मंडळी, आभार. शीर्षक असं केलंय: 'राउटर नसताना एका संगणकावरून दुसऱ्याला वाय-फायने नेट द्या'. लांब आहे, पण वाचून दाखवलं तेव्हा कोणी अर्थ विचारला नाही. मजकुरात 'यजमान संगणक' ठेवलाय, हॉटस्पॉट तसाच. सामायिक, तदर्थ, दावण तिन्ही बाहेर.

वाशीवाले काका:
तदर्थबद्दल वाईट वाटलं. असो. हॉटस्पॉटचं लिंग काय धरलंत? नेट नपुंसकलिंगी, राउटर पुल्लिंगी, रेंज स्त्रीलिंगी, यावर वाद नाही. पण आमच्याकडे 'हॉटस्पॉट चालू केला' म्हणतात आणि नातू 'केलं' म्हणतो.

नेरूळची वहिनी:
आमच्याकडेही 'केला'. वाय-फाय मात्र 'गेलं'.

कोपरीकर:
सगळीकडे 'हॉटस्पॉट चालू करा' लिहिलंय. आज्ञार्थात लिंग दिसत नाही.